उसवणे वेगळे, फाडणे वेगळे

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

अमेरिकेतल्या इव्हँजेलिकल ख्रिस्ती मंडळ्यांमध्ये गेली दहा-पंधरा वर्षे जी उलथापालथ चालली आहे, तिच्याविषयी मराठी वृत्तपत्रांत अधूनमधून छापून येते. आपल्या पुरवणीतही आले. विषय मराठी वाचकांपुढे येतो आहे याचा आनंदच आहे, पण त्या मजकुरातला एक समज दुरुस्त व्हावा म्हणून हे पत्र. पत्र लांबले आहे, त्याबद्दल क्षमस्व.

समज असा, की तरुण पिढी चर्चमधून बाहेर पडते आहे, म्हणजे तिचा देवावरचा विश्वास उडाला. यातला पहिला भाग आकड्यांनी खरा आहे. आपण एखाद्या प्रार्थनास्थळाचे सभासद आहात का, हा प्रश्न गॅलप ही संस्था अमेरिकनांना १९३७ पासून विचारत आली आहे. १९३७ मध्ये ७३ टक्के लोक ‘हो’ म्हणाले, १९९९ मध्ये ७० टक्के, आणि २०२० मध्ये अवघे ४७ टक्के. दुसरा भाग मात्र या आकड्यांतून निघत नाही. सभासदत्व सोडणारा माणूस दुसऱ्या पंथाच्या मंडळीत बसलेला असू शकतो, घरी शास्त्र (बायबल) वाचत असू शकतो, किंवा खरोखरच नास्तिक झालेला असू शकतो. तिन्ही प्रकारची माणसे भरपूर आहेत आणि त्यांना एका ओळीत उभे केले की तिघांवरही अन्याय होतो.

मिळालेला विश्वास असा तपासून पाहण्याच्या प्रक्रियेला तिकडे ‘डिकन्स्ट्रक्शन’ म्हणतात. देरिदा या फ्रेंच तत्त्वज्ञाचा हा शब्द. मराठी समीक्षेत त्याला ‘विरचना’ म्हणतात. चर्चमधल्या माणसाच्या तोंडी तो बसणार नाही. आम्ही ‘उसवणे’ म्हणतो. अंगरखा घट्ट झाला, बाही चुकली, की शिंपी टाके उसवतो, कापड पाहतो आणि पुन्हा शिवतो. कधी कापडच जीर्ण निघते, तेव्हा तो अंगरखा बाजूला ठेवावा लागतो. पण उसवायला घेतलेल्या प्रत्येकाने कापड फाडायलाच घेतले आहे, असे धरून चालणे चूक.

आधी ‘इव्हँजेलिकल’ म्हणजे कोण ते सांगायला हवे, कारण आपल्याकडे सगळे ख्रिस्ती एकाच माळेचे मणी समजले जातात. वसईचे, गोव्याचे कॅथलिक हे इव्हँजेलिकल नव्हेत. डेव्हिड बेबिंग्टन या ब्रिटिश इतिहासकाराने १९८९ मध्ये चार खुणा सांगितल्या, त्या आजही उपयोगी पडतात: पवित्र शास्त्र सर्वोच्च मानणे, क्रुसावरच्या मरणाला केंद्रस्थान देणे, नव्या जन्माचा व्यक्तिगत अनुभव आवश्यक समजणे आणि सुवार्ता सांगण्यासाठी सतत धडपडणे. ‘तुझं तारण झालं का?’ हा प्रश्न ज्या मंडळीत सहज विचारला जातो आणि साक्ष देताना ‘अमुक तारखेला मी प्रभूला स्वीकारलं’ असे सांगितले जाते, ती या वळणाची मंडळी. महाराष्ट्राशी तिचे नाते जुने आहे. अमेरिकन मराठी मिशनचे लोक १८१३ मध्ये मुंबईला उतरले, १८३१ मध्ये अहमदनगरला आले. ते याच परंपरेतले होते. म्हणून अमेरिकेत आज जे उसवते आहे, त्यातले काही टाके आपल्याकडच्या प्रॉटेस्टंट घरांतही आहेत.

सगळ्यांत महत्त्वाचा टाका शास्त्राच्या अचूकतेचा. ऑक्टोबर १९७८ मध्ये शिकागोत इव्हँजेलिकल पुढारी जमले आणि त्यांनी १९ कलमांचे निवेदन काढले. दोनशेहून अधिक जणांनी त्यावर सह्या केल्या. प्रत्येक कलमात ‘आम्ही हे मानतो’ आणि ‘आम्ही हे नाकारतो’ असे दोन भाग. निवेदनाचा गाभा असा, की शास्त्र इतिहास आणि विज्ञान यांच्याही बाबतीत चुकत नाही. मात्र दहाव्या कलमाप्रमाणे ही अचूकता मूळ हस्तलिखितांना काटेकोरपणे लागू आहे, आणि मूळ हस्तलिखित एकही शिल्लक नाही. तेराव्या कलमात ढोबळ आकड्यांना, आजच्यासारख्या तांत्रिक नेमकेपणाच्या अभावाला सूट दिलेली आहे. म्हणजे निवेदन लिहिणारे भोळे नव्हते. पण त्यांच्यापासून संडे स्कूलच्या वर्गापर्यंत येता येता एवढेच उरले: एक चूक सापडली तर सगळे शास्त्र खोटे.

सिमेंटच्या पोत्याचे तोंड ज्या साखळीटाक्याने शिवतात, तो आठवावा. योग्य टोक हाती आले की एका ओढीत सबंध तोंड सरसर उघडते. शिलाई मशीनवर वरचा आणि खालचा असे दोन दोरे एकमेकांत अडकतात. तिथे एक टाका तुटला तरी बाकीची शिवण टिकते. ‘एक चूक, सगळे खोटे’ हे शिकवणे म्हणजे मुलाचा विश्वास पोत्याच्या टाक्याने शिवणे. मग महाविद्यालयात कुणीतरी टोक हाती देतो आणि एका सत्रात सगळे उघडे पडते.

टोक सापडायला फार शोधावे लागत नाही. दाविद राजाने केलेली शिरगणती घ्या; ती जुन्या करारात दोनदा येते. २ शमुवेल २४ म्हणते, परमेश्वराने त्याला प्रवृत्त केले. १ इतिहास २१ म्हणते, सैतानाने. पहिल्या ठिकाणी इस्राएलात ८ लाख आणि यहूदात ५ लाख योद्धे. दुसऱ्या ठिकाणी ११ लाख आणि ४ लाख ७० हजार. पुढे वेदीसाठी दाविदाने घेतलेल्या खळ्याची किंमत एकीकडे ५० शेकेल (तेव्हाचे वजन) रुपे, दुसरीकडे ६०० शेकेल सोने. याची उत्तरे आहेत. ५० शेकेल खळ्याचे आणि बैलांचे, ६०० शेकेल सबंध जागेचे, असे एक उत्तर देतात. ते ऐकावे, तपासावे. पण विद्यार्थ्याची अडचण शेकेलची नसतेच. वीस वर्षे आपल्याला ‘असे काही नाही’ म्हणून सांगितले गेले, हे त्याला लागलेले असते.

खरे तर प्राचीन मंडळीला ही ओढाताण ठाऊक होती. दुसऱ्या शतकात तातियान नावाच्या सीरियन लेखकाने चारही शुभवर्तमाने (येशूची चरित्रे) गुंफून एकच सलग वृत्तांत केला आणि सीरियातल्या मंडळ्यांत तो पाचव्या शतकापर्यंत वाचला जात होता. तरीही मंडळीने शेवटी चार वेगवेगळी शुभवर्तमाने, त्यांच्या विसंगतींसकट, शेजारी शेजारी ठेवली. हे संडे स्कूलमध्ये बाराव्या वर्षी सांगितले, तर बाविसाव्या वर्षी कुणाचा जीव घाबरा होणार नाही.

पुढचे टाके नीतीचे असतात. अनंतकाळच्या नरकयातना हा त्यांतला सर्वांत जड. इथेही शास्त्रात एक शब्द नाही, अनेक आहेत: हिब्रू शिओल आणि ग्रीक हेडीस, ज्यांना मराठी शास्त्रात ‘अधोलोक’ म्हटले आहे, आणि गेहेन्ना, म्हणजे यरुशलेमेलगतच्या हिन्नोमाच्या खोऱ्यावरून आलेला शब्द, ज्याला आपण ‘नरक’ म्हणतो. जॉन स्टॉट हे विसाव्या शतकातले इंग्लंडमधले सर्वांत मान्यवर इव्हँजेलिकल शिक्षक. दुष्टांचा शेवट अखंड यातनांत होण्याऐवजी नाशात होतो, या मताकडे आपला कल आहे, असे त्यांनी १९८८ मध्ये सावधपणे पण जाहीरपणे छापले. ते शेवटपर्यंत इव्हँजेलिकलच राहिले. आमच्या मंडळ्यांत त्यांची नावाजलेली शिकवण दिली जाते, पण हा भाग सांगितला जात नाही. त्यामुळे नरकाविषयी शंका येणाऱ्याला वाटते, की असा विचार करणारा मीच पहिला पापी.

काही टाके तर फार अलीकडचे आहेत आणि ते जुने म्हणून खपवले जातात. येशू गुप्तपणे येऊन विश्वासणाऱ्यांना उचलून नेईल आणि मग मोठे संकट येईल, ही आजची मांडणी १८३० च्या दशकात जॉन नेल्सन डार्बी यांच्या शिकवणीतून पुढे आली आणि १९०९ च्या स्कोफील्ड बायबलमधल्या टिपांमुळे घराघरांत गेली. १ थेस्सलनीकाकरांस ४:१७ हे वचन जुने; त्याचा हा अर्थ जुना नाही. उचलले न जाण्याची भीती मनात घेऊन वाढलेल्या मुलाला हे दोन सन माहीत असते, तर त्याच्या किती रात्री सुखाच्या गेल्या असत्या!

लैंगिक शुचितेच्या शपथांचेही तसेच. १९९३ मध्ये सदर्न बॅप्टिस्टांनी, म्हणजे अमेरिकेतल्या सर्वांत मोठ्या प्रॉटेस्टंट पंथाने, ही मोहीम सुरू केली. किशोरवयीन मुले लग्नापर्यंत संयम पाळण्याच्या कार्डांवर सह्या करू लागली. २००९ मध्ये एका बालरोगविषयक नियतकालिकात याची तपासणी प्रसिद्ध झाली. शपथ घेतलेले आणि तशाच विचारांचे पण शपथ न घेतलेले यांच्यात पाच वर्षांनी विवाहपूर्व संबंधांत फरक आढळला नाही. फरक होता तो गर्भनिरोधक वापरण्यात: शपथ घेतलेले ती कमी वापरत. आणि त्यांच्यातल्या ८२ टक्के जणांनी आपण अशी शपथ घेतलीच नव्हती, असे सांगितले. शपथेने मुलांना संयमाऐवजी लपवणे शिकवले, असा याचा अर्थ आम्ही घेतो.

आणि तरीही, प्रसिद्ध झालेली आत्मकथने लक्ष देऊन वाचली तर जाणवते, की सिद्धान्तावरून उठलेल्या माणसांपेक्षा मंडळीच्या वागण्याने उठलेली माणसे अधिक बोलतात. फेब्रुवारी २०१९ मध्ये ह्यूस्टन आणि सॅन अँटोनियो इथल्या दोन वृत्तपत्रांनी सदर्न बॅप्टिस्ट मंडळ्यांमधली वीस वर्षांची लैंगिक अत्याचाराची प्रकरणे खणून काढली: सुमारे ३८० पाळक, सेवक आणि स्वयंसेवक, ७०० हून अधिक पीडित. मे २०२२ मध्ये स्वतंत्र चौकशीचा अहवाल आला. प्रत्येक मंडळी स्वायत्त आहे, म्हणून आम्हांला काही करता येत नाही, असे पीडितांना सांगणाऱ्या मध्यवर्ती कार्यालयातच आरोपींची ७०० हून अधिक नावांची यादी गुपचूप ठेवली जात होती. त्याच्या आदल्या वर्षी, फेब्रुवारी २०२१ मध्ये, रवी झकरायस यांच्या लैंगिक गैरवर्तनाविषयीचा अहवाल त्यांच्याच संस्थेने जाहीर केला होता. मद्रासमध्ये जन्मलेले हे वक्ते भारतातल्या इंग्रजी जाणणाऱ्या ख्रिस्ती तरुणांचे आदर्श होते. त्यांची व्याख्याने ऐकून ज्यांनी आपल्या शंका मिटवल्या होत्या, त्यांच्या शंका त्या एका अहवालाने पुन्हा उघडल्या. त्यात राजकारणाची भर. २०१६ च्या अध्यक्षीय निवडणुकीत गोऱ्या इव्हँजेलिकलांपैकी सुमारे ८० टक्क्यांनी ट्रम्प यांना मत दिले. नेत्याचे चारित्र्य महत्त्वाचे, हे ज्यांच्या तोंडून ऐकत मुले वाढली, त्यांनीच तसे केल्यावर मुलांनी प्रश्न विचारला. ‘एक्सव्हँजेलिकल’, म्हणजे पूर्वाश्रमीचा इव्हँजेलिकल, हे नाव रूढ झाले तेही २०१६ मध्येच.

ही माणसे गेली कुठे? रेचल हेल्ड एव्हान्स या लेखिका वाढल्या टेनेसीतल्या डेटन गावी, जिथे १९२५ मध्ये उत्क्रांती शिकवल्याबद्दल शिक्षकावर खटला चालला. त्यांनी प्रश्न विचारत विचारत एपिस्कोपल चर्च, म्हणजे अँग्लिकन (इंग्लंडच्या चर्चच्या) परंपरेची अमेरिकन शाखा, गाठले आणि २०१९ मध्ये अवघ्या ३७ व्या वर्षी त्या वारल्या तेव्हा त्या ख्रिस्तीच होत्या. बेथ मूर या लोकप्रिय शास्त्रशिक्षिकेने २०२१ मध्ये सदर्न बॅप्टिस्टांना सोडले आणि त्या अँग्लिकन उपासनेला जाऊ लागल्या. पीटर एन्स या अभ्यासकांना जुन्या कराराविषयीच्या लेखनावरून २००८ मध्ये आपली सेमिनरी (पाळक घडवणारे विद्यालय) सोडावी लागली; ते आजही शास्त्र शिकवतात. उलट, शुचितेच्या मोहिमेतले सर्वांत गाजलेले तरुण लेखक जोशुआ हॅरिस यांनी २०१८ मध्ये आपले पुस्तक मागे घेतले आणि २०१९ मध्ये आपण आता ख्रिस्ती नाही असे जाहीर केले. चौघांनीही टाके उसवले. कापड टाकून दिले ते एकाने.

हे अमेरिकेतले नवे खूळ आहे, असे आमच्याच काही पाळकांना वाटते. त्यांना जर्मनीतला १८ वर्षांचा श्लायरमाखर दाखवायला हवा. मोरावियन बंधूंच्या शाळेत, म्हणजे आजच्या इव्हँजेलिकल भक्तीच्या माहेरी शिकत असताना, जानेवारी १७८७ मध्ये त्याने सैन्यात धर्मोपदेशक असलेल्या बापाला लिहिले, की ख्रिस्ताचे मरण हे आमच्या जागी भोगलेली शिक्षा होती यावर माझा विश्वास बसत नाही. बाप हादरला. मुलगा पुढे एकोणिसाव्या शतकातला सर्वांत प्रभावी प्रॉटेस्टंट धर्मशास्त्री झाला आणि आपण अजूनही मोरावियनच आहोत, फक्त वरच्या पायरीवरचे, असे म्हणत राहिला.

पण जर्मनीपर्यंत जायचे कशाला? नीळकंठशास्त्री गोरे यांचा बाप्तिस्मा १८४८ मध्ये झाला तो इव्हँजेलिकल वळणाच्या चर्च मिशनरी सोसायटीच्या माणसांकडून. आयुष्यभर शंकांनी पछाडलेला हा पंडित हळूहळू त्या वळणापासून दूर होत संस्कारांना आणि प्राचीन मंडळीला महत्त्व देणाऱ्या उच्च अँग्लिकन परंपरेत गेला. पंडिता रमाबाईंचा प्रवास नेमका उलटा. २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमधल्या वाँटेज इथे त्यांचा बाप्तिस्मा झाला तो त्याच उच्च अँग्लिकन परंपरेतल्या मठात. पुढची काही वर्षे त्या मठातल्या सिस्टर जेराल्डिन यांच्याशी त्यांचा जो पत्रव्यवहार झाला, तो प्रत्येक मराठी ख्रिस्ती घरात वाचला जावा अशी आमची इच्छा आहे. त्रैक्याचा (पिता, पुत्र, पवित्र आत्मा मिळून एक देव) अथनेशियन मतांगीकार, म्हणजे श्रद्धेचे ठरलेले कबुलीविधान, शास्त्रात नाही म्हणून त्या तो म्हणायला तयार नव्हत्या. क्रुसावरची अक्षरे लॅटिनमध्ये का, संस्कृतात का नाहीत, असे विचारत. मे १८८५ च्या पत्रात त्यांनी जे लिहिले त्याचा आशय असा: मोठ्या कष्टाने मी भारतातल्या पुरोहितांच्या जोखडातून सुटले आहे, आता दुसऱ्या पुरोहितांकडून येईल ते सगळे परमेश्वराची आज्ञा म्हणून स्वीकारून तसलेच जोखड मानेवर घ्यायला मी तयार नाही. जेराल्डिनबाईंना हा अहंकार वाटला. मात्र त्यांनी पत्रे लिहिणे थांबवले नाही, ही त्यांच्या बाजूची मोठी गोष्ट. आणि याच रमाबाईंना १८९१ च्या सुमारास तो अनुभव आला, ज्याचे वर्णन त्यांनी पुढे ‘आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त आता मिळाला’ अशा अर्थाच्या शब्दांत केले. प्रश्न विचारत त्या इव्हँजेलिकल विश्वासाकडे आल्या.

ना. वा. टिळक तिसऱ्या दिशेला गेले. १८९५ मध्ये बाप्तिस्मा, १९०४ मध्ये पाळकपदाची दीक्षा, आणि १९१७ मध्ये अमेरिकन मराठी मिशनचा राजीनामा. पगारावर पाणी सोडून त्यांनी ‘देवाचा दरबार’ काढला. त्यात बाप्तिस्मा झालेल्या आणि न झालेल्या अशा दोन्ही प्रकारच्या ख्रिस्तभक्तांना जागा होती. ख्रिस्ताला सोडायचे त्यांच्या मनातही नव्हते. परक्या साच्यातली मंडळी त्यांना नको होती. तिघांनीही टाके उसवले, आणि त्यांचे फोटो आज आमच्याच सभागृहांत लावलेले आहेत.

आता कामाचे बोलतो. प्रश्न घेऊन आलेल्या मुलाशी किंवा मुलीशी पाळकाने आणि आईवडिलांनी काय करावे, हा भाग छापील मजकुरात कुठेच येत नाही.

सुरुवातीला प्रश्न कुठल्या जातीचा आहे ते ओळखावे. तो मजकुराचा असेल (दाविदाची शिरगणती), नीतीचा असेल (यहोशवा ६ मधला यरीहोतला संहार), दुःखाचा असेल (प्रार्थना करूनही आई गेली), किंवा इजेचा असेल (मंडळीतल्या कुणीतरी अत्याचार केला). सर्वांत वारंवार होणारी चूक म्हणजे दुःखाच्या आणि इजेच्या प्रश्नाला मजकुराचे उत्तर देणे. आई गेलेल्या मुलीला रोमकरांस ८:२८ ऐकवले की ती गप्प बसते आणि पाळकाला वाटते समाधान झाले. ती पुढच्या महिन्यापासून यायची बंद होते.

इजेचा प्रश्न तर चर्चेचा नाहीच. पीडित व्यक्ती अठरा वर्षांखालील असेल तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणे, ज्याला कळले त्याने पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. न कळवल्यास कलम २१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते; संस्थेच्या प्रमुखाने हाताखालच्या माणसाचा गुन्हा दडवला तर एक वर्षापर्यंत. मंडळीच्या कमिटीची अंतर्गत चौकशी ही त्याची बदली नव्हे. ‘क्षमा कर’ हा उपदेश आणि पोलिसांत तक्रार या एकमेकींच्या आड येणाऱ्या गोष्टी नाहीत. आधी तक्रार.

मजकुराचा किंवा सिद्धान्ताचा प्रश्न असेल तर कागद घ्यावा. एका रकान्यात आपण काय मानतो ते एका वाक्यात. दुसऱ्यात त्याचे वचन. तिसऱ्यात ती मांडणी पहिल्यांदा केव्हा आढळते तो सन किंवा शतक. चौथ्यात, ख्रिस्ती जगात कोण हे मानत नाही. चौथा रकाना बहुतेकांनी आयुष्यात कधी भरलेला नसतो. तो भरल्यावर गोष्टी आपोआप तीन कप्प्यांत पडतात. प्रेषितांच्या आणि निकेयाच्या मतांगीकारात जे आहे ते एका कप्प्यात. बाप्तिस्मा बालपणी की मोठेपणी यासारखे पंथापंथांतले भेद दुसऱ्यात. पृथ्वीचे वय, गुप्त आगमन, सिनेमा पाहावा की नाही, हे तिसऱ्यात. उसवण्याचे काम तिसऱ्या कप्प्यापासून सुरू करावे आणि एका वेळी एकच टाका घ्यावा. एकाच रात्री, एकट्याने, मोबाइलवर सगळे उसवायला बसलेला माणूस पहाटेपर्यंत नुसत्या दोऱ्यांच्या गुंत्यात सापडतो.

या काळात मोठे निर्णय थोडे लांबवावेत. अमेरिकेत याची किंमत पाळकांना फार मोजावी लागते: घर बहुधा चर्चचे, चर्चला बेरोजगारी विम्यातून सूट असल्याने नोकरी गेल्यावर भत्ता नाही, आणि धार्मिक कारण देऊन सोशल सिक्युरिटीतून बाहेर राहण्याचा पर्याय तरुणपणी घेतलेला असेल तर म्हातारपणीही आधार नाही. अनेक ख्रिस्ती महाविद्यालयांत प्राध्यापकांना विश्वासाच्या निवेदनावर दर वर्षी सही करावी लागते. घर फिरले की वासेही फिरतात, ते असे. विश्वास गमावलेल्या पाळकांना एकमेकांशी गुप्तपणे बोलता यावे म्हणून २०११ मध्ये तिकडे वेगळा प्रकल्पच उभा राहिला. आपल्याकडे मिशनच्या शाळेतली किंवा दवाखान्यातली नोकरी, कंपाउंडमधले क्वार्टर, कबरस्तानातली जागा आणि लग्नाची नोंद मंडळीच्या रजिस्टरशी बांधलेली असते. म्हणून राजीनाम्याऐवजी दुसऱ्या मंडळीच्या नावे शिफारसपत्र मागणे हा मार्ग आधी पाहावा. लग्न ठरलेले असेल आणि चर्चमध्ये करायचे नसेल तर १९५४ च्या विशेष विवाह कायद्याखाली नोंदणी होते. दोघांपैकी एक जण त्या जिल्ह्यात निदान ३० दिवस राहिलेला असावा लागतो आणि नोटीस दिल्यावर आणखी ३० दिवस थांबावे लागते. तारीख धरतानाच हे दिवस मोजावेत.

प्रार्थना आटते, हे जवळजवळ सगळ्यांचे होते. स्वतःच्या शब्दांत मोठ्याने प्रार्थना करायची सवय असलेल्या माणसाला एक दिवस तोंडातून शब्दच फुटत नाही आणि तो घाबरतो. तेव्हा लिहिलेल्या प्रार्थना वापराव्यात, टिळकांचे अभंग म्हणावेत, किंवा नुसते बसावे. स्तोत्र ८८ उघडावे: ते अंधारात संपते, शेवटी आभाराची ओळ नाही, तरी ते शास्त्रात आहे. नरकाची भीती बुद्धीने गेली तरी शरीरातून जायला वेळ लागतो. रात्री दचकून उठणे, छाती धडधडणे हे महिनोन्महिने चालते. २०११ पासून याला ‘रिलिजस ट्रॉमा सिंड्रोम’ असे नाव काही समुपदेशक देतात. अधिकृत निदानपुस्तिकांत तो आजार म्हणून नोंदलेला नाही, पण चिंताविकारावर उपचार करणारा मानसोपचारतज्ज्ञ या लक्षणांवर नक्की मदत करू शकतो. उपास आणि भूतविमोचनाची प्रार्थना हा त्यावरचा इलाज नव्हे, आणि तो केल्याने भीती वाढते.

नवरा-बायकोपैकी एकच जण उसवत असेल तर मुलांना काय सांगायचे ते दोघांनी आधी ठरवावे. ‘आईला असं वाटतं, बाबांना तसं वाटतं, आणि दोघं एकमेकांशी बोलतात’ एवढे पुरते. मुलाला साक्षीदार करू नये.

महाराष्ट्रातल्या ख्रिस्ती माणसाची एक अडचण अमेरिकनाला नसते. २०११ च्या जनगणनेत राज्यात ख्रिस्ती एक टक्क्याच्याही आत होते. आपण उघडपणे शंका बोललो तर ती शंका आपल्याच समाजाविरुद्ध वापरली जाईल, ही भीती खरी आहे आणि ती पाळकांइतकीच शंका घेणाऱ्यांनाही आहे. म्हणून पुष्कळ जण गप्प राहतात. इथे वृत्तपत्रांची जबाबदारी मोठी आहे.

आपल्याकडे आमची विनंती एवढीच. या विषयावर पुन्हा मजकूर येईल तेव्हा संबंधित व्यक्ती कुठल्या पंथातून निघाली आणि कुठे पोहोचली, हे दोन्ही छापावे. सभासदत्वाच्या घटीचा आकडा नास्तिकांचा आकडा म्हणून देऊ नये. चर्चमधल्या लैंगिक अत्याचाराची बातमी धर्मवादाच्या सदरात न घालता गुन्ह्याची बातमी म्हणून द्यावी. आणि रमाबाईंच्या १८८३ ते १८८५ या काळातल्या पत्रांचे मराठी उतारे आपल्या पुरवणीत क्रमशः यावेत. निवड आणि टिपा करून द्यायला आम्ही तयार आहोत.

आपले,
मंडळीत शास्त्राभ्यासाचे वर्ग घेणारे काही वाचक,
अहिल्यानगर